छातीचा फोटो

आमच्याकडे मूल जन्माला आले की त्याच्या गालावर काजळाची तीट लावतात. बाराव्या दिवसापर्यंत बाळंतिणीच्या खोलीचे दार अर्धे लोटलेले असते. परके कोणी डोकावले तर "आत्ताच डोळा लागलाय हो" म्हणून पांघरूण हळूच वर ओढले जाते. मी मास्तर माणूस. दृष्ट-बिष्ट काही नसते. आपण पाहतो तेव्हा उजेड डोळ्यात शिरतो, डोळ्यातून बाहेर काही पडत नाही, असे मी वर्गात मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. ते खरेच आहे. पण गेल्या दिवाळीपासून मला त्या तिटेकडे पाहून हसू येईनासे झाले आहे. कोवळ्या जिवाकडे पाहण्याची काही किंमत पडते, आणि ती पाहणाऱ्याने नव्हे तर ज्याला पाहिले त्याने चुकती करायची असते, एवढे एक शहाणपण आमच्या आज्यांजवळ होते की काय, असे मला वाटू लागले आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी थोरली बहीण बोईसरला राहते. भाची पहिल्या बाळंतपणाला तिच्याकडे आली होती. मुलगी झाली. सारे यथास्थित. पावसाळा सरत आला होता, सकाळी दहिवर पडू लागले होते, घरोघर चकलीच्या भाजणीचा वास दरवळत होता. बाळ अठरा दिवसांचे झाले आणि त्याला सर्दी झाली. घरात दोन पोरांना आधीच पडसे होते. बाळाचा पापा घेतल्याशिवाय त्यांच्याने राहवत नव्हते, आणि दिवाळीला आलेल्या मुलांना कोण रागावणार! दुसऱ्या दिवशी बाळ दूध ओढीना. तिसऱ्या दिवशी पहाटे ताईचा फोन आला, "बाळाचं पोट भात्यासारखं उडतंय रे, तू ये."

मी पालघरहून पहिली गाडी पकडली. उमरोळी गेली, बोईसर आले. एवढासा तो प्रवास, पण त्या दिवशी मला तो डहाणूपर्यंतचा वाटला. तासाभरात आम्ही बाळाला घेऊन मुलांच्या एका इस्पितळात पोहोचलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बाळाचे कपडे सैल केले, मनगटावरचे घड्याळ पाहत पुरते एक मिनिट बाळाच्या छातीकडे नुसते पाहत राहिल्या, मग नळी लावून ऐकले, पायाला ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा लावला, आणि म्हणाल्या, "मिनिटाला अडुसष्ट श्वास आहेत. बरगड्यांखाली खळी पडतेय. भरती करू. ऑक्सिजन देऊ, नळीनं थोडं थोडं दूध देऊ, नाक साफ ठेवू. विषाणूचं दुखणं दिसतंय. दोन-तीन दिवस जपावं लागेल."

मी विचारले, "आणि फोटो?"

छातीच्या एक्स-रेला आमच्याकडे फोटोच म्हणतात. खेड्यातला माणूसही डॉक्टरला सांगतो, "सायेब, एक फोटो काढून टाका." जणू फोटो काढला की दुखणे निघून गेले.

बाई म्हणाल्या, "आत्ता त्याची गरज वाटत नाही. फोटो काढला तरी मी हेच करणार आहे, नाही काढला तरी हेच. रात्रीत काही बदललं तर काढू."

त्यांचे म्हणणे सरळ होते. पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. माझ्या पोटात जी भीती होती तिला काहीतरी हातात हवे होते. मी घरातला शिकलेला मामा. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी आवाज चढवला. मशीन आहे, पैसे द्यायला आम्ही तयार आहोत, मग हरकत कसली? बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि फोटो लिहून दिला. जावयांनी शिशाचा जड अंगरखा चढवून बाळाचे हात धरले. बाळ जीव तोडून रडले. फोटो निघाला.

मग जे झाले ते सांगायला मला लाज वाटते. छातीच्या वरच्या भागात उजवीकडे एक पांढुरका कोपरा दिसत होता. मी त्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढला आणि चार जणांना पाठवला. त्यातल्या एकाच्या ओळखीच्या डॉक्टरांनी, बाळ न पाहता, कळवले, "पॅच दिसतो, सीटी करून घ्या." पॅच! तो शब्द घरात वणव्यासारखा पसरला. २०२१ सालच्या उन्हाळ्यात आम्ही सगळे दुसऱ्याची खुशाली विचारताना ताप किती हे न विचारता "स्कोअर किती?" असे विचारायला शिकलो होतो, ती सवय अंगात मुरलेली. आम्ही बाईंपुढे उभे राहिलो. सीटी करा, नाहीतर मुंबईला न्यायला चिठ्ठी द्या.

बाईंनी फोटो उजेडावर धरला. "मास्तर, तुम्ही समुद्राकाठचे ना? सातपाटीला होडीचं शीड पाहिलंय?"

"पाहिलंय."

"मग हे शीडच आहे. थायमस नावाची ग्रंथी असते. तान्ह्या मुलात ती मोठी असते, हृदयावर अशी शिडासारखी पसरते. मूल मोठं होतं तशी लहान होते. हिच्या छातीत ती नसती तर मला काळजी वाटली असती."

त्या पॅचच्या भीतीने आम्ही अख्खी रात्र काढली होती. आणि पॅच म्हणजे बाळाच्या निरोगीपणाची खूण निघाली. बाळ चौथ्या दिवशी ऑक्सिजनविना राहू लागले, सहाव्या दिवशी घरी आले. बाईंनी पहिल्या दिवशी जे सांगितले त्यात फोटोने काडीचाही फरक केला नाही.

त्यानंतर मी या थायमसविषयी मिळेल ते वाचले, कळेल त्याला विचारले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शास्त्र मी असेच विचारत विचारत शिकतो. तेव्हा कळले की त्या शिडाला भिणारा मी पहिला नव्हे. १८९५ साली रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले, आणि काही वर्षांतच डॉक्टरांना तान्ह्या मुलांच्या छातीत हे शीड दिसू लागले. त्या काळी धडधाकट दिसणारी मुले एकाएकी पाळण्यात दगावत, त्याचे कारण उमगत नसे. शवविच्छेदनात त्यांची थायमस मोठी आढळे. झाले! ही मोठी ग्रंथीच श्वासनळी दाबून मुलाचा जीव घेते, असे ठरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून अमेरिकेत हजारो तान्ह्या मुलांच्या छातीवर आणि गळ्यावर ती ग्रंथी आकसावी म्हणून किरणांचा मारा करण्यात आला. त्यांतली पुष्कळशी मुले मुळात आजारीच नव्हती. १९५० साली न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांची टिपणे तपासली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना तान्हेपणी असाच मारा मिळाल्याचे दिसले.

ही चूक झाली कशी? मोठी थायमस मोठी ठरली ती कशाच्या तुलनेत? इथे माझ्या अंगावर काटा आला. शवविच्छेदनाच्या टेबलावर येणारी प्रेते बहुतकरून गरिबांची असत. दीर्घ आजाराने, उपासमारीने झिजून मेलेली माणसे आणि मुले. उपासमारीत सर्वांत आधी आकसणाऱ्या अवयवांत थायमस येते. ती आकसलेली ग्रंथी पाहून विद्वानांनी ठरवले की हेच तिचे योग्य माप. मग जे मूल पोटभर दूध पिऊन, काही न होता, अचानक गेले, त्याची धडधाकट ग्रंथी त्या मापापुढे राक्षसी दिसू लागली. गरिबाची भूक मापदंड झाली, आणि निरोगी मूल रोगी ठरले. डोळ्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते; पाहणाऱ्याच्या मनात जे माप होते ते खोटे होते. चित्र कधी बोलत नाही. बोलतो तो पाहणारा.

आणि मुळात तान्ह्या मुलाच्या छातीचे चित्र तरी कितपत बोलके असते? मूल श्वास आत घेताना टिपले तर फुप्फुसे काळी, मोकळी दिसतात. तेच मूल रडताना, श्वास सोडताना टिपले तर तीच फुप्फुसे पांढुरकी, भरल्यासारखी. मूल जरासे कुशीला वळले तर हृदय एका बाजूला सरकल्यासारखे दिसते. विषाणूने बारीक श्वासनळ्या सुजल्या की काही भागात हवा अडकते, काही भाग मिटतो. तो मिटलेला भाग चित्रात न्यूमोनियासारखाच दिसतो. विषाणूचा डाग कोणता आणि जिवाणूचा कोणता हे चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. एकच फोटो दोन जाणत्या डॉक्टरांना दाखवला तर मते दोन पडतात.

१९९८ साली लॅन्सेट या साप्ताहिकात दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. छातीच्या विकाराने आलेल्या, पण भरती करण्याइतपत आजारी नसलेल्या पाचशेवर मुलांचे सोडतीने दोन भाग केले. एका भागाचे फोटो काढले, दुसऱ्याचे नाही. बरे व्हायला दोघांनाही सारखेच दिवस लागले. फरक एवढाच, की फोटो काढलेल्यांना जिवाणूंवरची औषधे अधिक दिली गेली. म्हणजे चित्र हातात आले की हात स्वस्थ बसत नाही! २०१४ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही सांगितले की तान्ह्या मुलांच्या विषाणूजन्य श्वासनलिकादाहात सरसकट फोटो काढू नयेत.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बरे झाले, मास्तरांनी निकाल दिला. फोटो हे थोतांड आहे. थांबा. मला दुसऱ्या एका मुलाविषयी सांगायचे आहे.

माझा एक जुना विद्यार्थी जव्हारकडच्या एका पाड्यावर राहतो. वारली. चित्रे सुरेख काढी. सातवीनंतर शाळा सुटली. दरसाल दिवाळी झाली की बायकोमुलांसह वीटभट्टीवर जातो, पावसाच्या तोंडावर परततो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्याला पहिला मुलगा झाला. तीन आठवड्यांचा असताना मूल धापा टाकू लागले, दूध पिताना कपाळाला घाम येई. पहिल्या ठिकाणी त्याला सांगितले, सर्दी आहे. औषध दिले. चार दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी सांगितले, विषाणूची साथ आहे, सगळ्याच मुलांना होतेय. तिथे फोटोचे यंत्र होते, पण ते चालवणारा माणूस त्या दिवशी नव्हता. तिसऱ्या ठिकाणी, जिल्ह्याबाहेर, फोटो काढला. फुप्फुसांचा दोष दुय्यम होता. हृदय छातीत मावत नव्हते इतके वाढलेले होते. जन्मजात दोष होता, आणि तो सर्दीच्या नावाखाली आठ दिवस लपून राहिला होता. मूल त्याच रात्री गेले.

आठ दिवस आधी फोटो काढला असता तर ते वाचले असते का, हे छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. परंतु निदान त्याला योग्य रस्ता दाखवला गेला असता. नवजात मुलाची धाप ही मोठ्या मुलाच्या धापेसारखी नसते. केपटाऊनच्या त्या प्रयोगात दोन महिन्यांखालचे एकही मूल घेतले नव्हते, आणि ते विनाकारण नव्हे. पहिल्या महिन्यातल्या धापेमागे विषाणू असू शकतो, तसेच हृदय असू शकते, फुप्फुसाभोवती कोंडलेली हवा असू शकते, पोटातली आतडी पडद्याच्या भोकातून छातीत शिरलेली असू शकतात. तिथे एक फोटो, वेळेवर काढलेला, अख्खे आयुष्य असतो. रॉन्टगेनने आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. तो साऱ्या जगाचा असावा म्हणून मोकळा सोडला. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. तो अजून त्या पाड्यापर्यंत पोहोचायचा आहे. याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली मुले दगावली तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला होता. हळहळ शिळी झाली, घाट तोच आहे.

एकीकडे माझ्या भाचीची मुलगी, जिचा फोटो गरज नसताना निघाला, कारण तिच्या मामाला भीती वाटत होती आणि त्याचा आवाज मोठा होता. दुसरीकडे ते पाड्यावरचे मूल, ज्याचा फोटो गरज असताना निघाला नाही, कारण त्याच्या बापाला आवाजच नव्हता. पालघरपासून जव्हार किती लांब? एका मुलाला नको तेवढे पाहिले, दुसऱ्याला पाहिलेच नाही. मला वाटते, या दोन्ही एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. दोन्ही ठिकाणी पाहावे की न पाहावे हे मुलाने, म्हणजे मुलाच्या गरजेने, ठरवले नाही. मोठ्यांच्या ऐपतीने ठरवले.

या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर मला अगदी शेजारी, तारापूरला सापडले. तिथल्या अणुभट्ट्या १९६९ सालापासून आमच्या क्षितिजावर उभ्या आहेत. प्रकल्पात काम केलेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. किरणांच्या जवळ काम करणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्याच्या अंगावर किती किरण पडले ते त्या बिल्ल्यावरून मोजतात आणि वहीत नोंदतात. अशा कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने सालाला वीस मिलिसिव्हर्टहून अधिक किरण लागता कामा नयेत, आणि बाहेरच्या माणसाला प्रकल्पामुळे एकाहून अधिक नाही, असा नियम आहे. मी त्यांना विचारले, "आणि रोग्याला? इस्पितळातल्या मुलाला किती?"

ते म्हणाले, "रोग्याला मर्यादा नाही."

मी चकित झालो. त्यांनी समजावून सांगितले. कामगाराला किरणांपासून लाभ काही नाही, म्हणून त्याला आकड्याचे कुंपण. रोग्यावर किरण टाकायचे ते त्याच्याच भल्यासाठी. तिथे आकड्याची आडकाठी घातली तर कधी जीवच जाईल. म्हणून तिथे आकड्याच्या जागी एक प्रश्न ठेवला आहे: याचे समर्थन काय? या पाहण्यातून या रोग्याचे, याच रोग्याचे, नुकसानीहून अधिक भले होणार आहे का? उत्तर होय असेल तर हवे तितके, पण कामापुरतेच. उत्तर नाही असेल तर थोडेसेही नको.

तसे पाहिले तर छातीचा एक फोटो म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे. तान्ह्या मुलाच्या एका फोटोत साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट किरण पडतात. माती, आकाश, अन्न यांतून आपल्या सर्वांच्या अंगावर जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट पडतच असतात. म्हणजे एक फोटो हा तीन-चार दिवसांच्या नुसत्या जगण्याइतका. तेव्हा गरज असेल तिथे कोणत्याही आईने भिऊन फोटोला नाही म्हणू नये. सीटीचे तसे नाही. ते शंभरपट वा त्याहून अधिक होते, आणि तेच मी हट्टाने मागत होतो. १९५६ साली ऑक्सफर्डच्या अॅलिस स्ट्युअर्ट यांनी पोटातल्या बाळावर पडलेले किरण आणि पुढे मुलांना होणारा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तेव्हा कित्येक वर्षे कुणाचा त्यावर विश्वास बसेना. पेशी जितक्या कोवळ्या आणि आयुष्य जितके पुढे, तितकी किंमत अधिक. पण खरे सांगायचे तर माझ्या भाचीच्या मुलीला धोका किरणांचा नव्हता. फोटोपाठोपाठ येणाऱ्या आमच्या अविचाराचा होता.

आणि मर्यादा नसणे ही किती अवघड गोष्ट आहे! कामगाराला बिल्ला राखतो. तान्ह्या मुलाला कोण राखणार? ते नको म्हणू शकत नाही, पुरे म्हणू शकत नाही. त्याचा बिल्ला म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धी, दुसरे काही नाही.

कुणी सुचवील, मग किरणांविना पाहा. सोनोग्राफी आहे ना! खरे आहे. हवेतून ध्वनीलहरी धड जात नाहीत, म्हणून फुप्फुस सोनोग्राफीत दिसायचेच नाही, असे पूर्वी मानत. पण फ्रान्समधल्या लिक्टेनस्टाइन नावाच्या डॉक्टरांनी १९९० नंतर दाखवून दिले की ओले झालेले फुप्फुस पडद्यावर धूमकेतूच्या शेपटीसारख्या रेघा उमटवते, आणि त्या रेघा वाचता येतात. तान्ह्या मुलाची छाती पातळ आणि लहान, त्यामुळे तिथे हे काम अधिकच सोपे. हातात मावेल एवढे यंत्र झोळीत घालून पाड्यावर न्यावे, किरण नाहीत, फिल्म नाही! पण ते नेता येत नाही. या यंत्राने आपण पोटातल्या मुली शोधून मारल्या. म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने आणि १९९४ साली देशाने कायदा केला. नोंदणीशिवाय ते यंत्र कुणाला ठेवता येत नाही, उचलून वाटेल तिथे नेता येत नाही. कायदा योग्यच होता, आजही हवाच आहे. पण पाहण्याचा दुरुपयोग आपण केला, आणि त्याचा दंड आज धापा टाकणारे पाड्यावरचे मूल भरते आहे, हे मला विसरता येत नाही. भाचीची मुलगी, मुलगी म्हणून जन्माला आली हेही त्या कायद्याच्या पदरात टाकायला हवे. एकाच नजरेचे हे दोन हिशेब. कोणता कुठे वळता करायचा?

मग पाड्यावर काय पोहोचू शकते? पोहोचले आहे, आणि ते महाराष्ट्रातच घडले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने खेड्यातल्या सुईणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. त्या बाया निरक्षर; त्यांना साठापर्यंत मोजता येईना. म्हणून एक साधे यंत्र केले. एका मिनिटाची वाळूची घटिका, आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला तर मुलाला औषधाची गरज आहे. बस्स. १९९० साली त्यांच्या कामाचा अहवाल लॅन्सेटमध्येच आला. ज्या गावांत हे काम चालले तिथे मुलांचे मृत्यू घटले होते. किरण नाहीत, वीज नाही, अक्षरओळखही नाही. होते ते एक मिनिट. एका बाईने एका मुलाच्या छातीकडे सलग, मन लावून पाहण्याचे एक मिनिट.

त्या दिवशी इस्पितळात डॉक्टरीणबाई घड्याळ पाहत उभ्या होत्या ते हेच मिनिट. मला वाटले होते, या काहीच करत नाहीत! यंत्राने काढलेले तेवढे चित्र, आणि माणसाने टक लावून पाहिले ते नुसते पाहणे, असा माझा समज. फोटो मागताना मी खरोखर बाळाला पाहायला सांगत होतोच कुठे? बाळाकडे पाहणे मला सोसवत नव्हते. त्याच्या उडत्या पोटाकडे पाहवत नव्हते म्हणून मला त्याच्याऐवजी एक कागद हवा होता. आणि तिकडे पाड्यावरच्या मुलाला पहिल्या दोन्ही ठिकाणी जर कुणी असे एक मिनिट दिले असते, दूध पिताना त्याच्या कपाळावर येणारा घाम पाहिला असता, तर "याचा फोटो आजच्या आज व्हायलाच हवा" हेही त्याच मिनिटाने सांगितले असते. फोटो नको हे ज्या पाहण्याने कळते, फोटो हवा हेही त्याच पाहण्याने कळते.

यंदा घटस्थापनेच्या सुमारास तो माझा विद्यार्थी दारात उभा राहिला. संगे बायको, तिच्या कडेला फडक्यात गुंडाळलेले महिन्याचे मूल. दुसरा मुलगा. दिवाळीनंतर भट्टीवर जायचे होते. चहा झाला, तरी तो उठेना. मग खाली पाहत म्हणाला, "गुरुजी, याचा फोटो आताच काढून घेऊ का? काही झालं नाही त्याला. पण आधीच."

मी काय सांगणार? गरज नसता फोटो काढू नये हे सगळे तत्त्वज्ञान माझ्या जिभेवर होते. पण ज्याच्या पहिल्या मुलाकडे कुणी पाहिले नाही, त्याला "नको पाहू" म्हणण्याचा अधिकार मला कुठून आला? आणि त्याची भीती व माझी भीती यांत फरक तरी काय? त्याच्या भीतीला निदान कारण होते.

मी त्यांना घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पहिल्या मुलाची हकिगत सांगितली. बाईंनी मूल उघडे केले. श्वास मोजले. पुढून, पाठीमागून, बराच वेळ हृदय ऐकले. हाताला आणि पायाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला. आईला समोरच दूध पाजायला सांगितले आणि मुलाच्या कपाळाकडे पाहत बसल्या. अर्धा तास गेला. बाहेर रांग वाढत होती. मग त्या म्हणाल्या, "याला फोटोची गरज नाही. भावाला दोष होता म्हणून हृदयाची सोनोग्राफी मात्र एकदा करून घेऊ. त्यात किरण नसतात. मी चिठ्ठी देते, आणि तिथे फोनही करते. आणि हे बघा, भट्टीवर असताना श्वास असे मोजायचे," असे म्हणून त्यांनी त्या माउलीचा हात धरून मुलाच्या पोटावर ठेवला.

परतताना स्टेशनच्या वाटेवर मी त्याला विचारले, "फोटो काढला नाही, मनात काही राहिलं नाही ना?"

तो थोडा वेळ गप्प चालला. म्हणाला, "नाही गुरुजी. बाईनं बघितलं त्याला."

भाचीची मुलगी आता वर्षाची होऊन गेली आहे. यंदा ती दिवाळीला बोईसरला येणार, म्हणून ताईने घरात बजावून ठेवले आहे, पडसे असलेल्याने तिच्याजवळ जायचे नाही, आणि फटाके दाराशी नाही, मैदानात. तो फोटो अजून ताईच्या कपाटात पिवळ्या पाकिटात आहे. परवा तिने विचारले, आता हा टाकून देऊ का? मी म्हटले, राहू दे. पोरगी मोठी झाली की तिला दाखवीन, आणि तो कुणासाठी काढला होता तेही सांगेन.